लोकांना आवडेल ते वाजवायला नकार देणारा पियानिस्ट, ज्याने बीथोव्हेनचे ३२ च्या ३२ सोनाटा रेकॉर्ड केले

मूनलाइट सोनाटा तुम्ही ऐकलाय. नाव माहिती नसेल, पण ऐकलाय. सिनेमात बाहेर पाऊस पडतोय, खिडकीपाशी कुणीतरी उदास बसलंय आणि मागे पियानोवर तीन-तीन सुरांची एक संथ लाट चालू आहे, तोच तो. रील्सवर तर त्याचा पार चोथा झालाय.

आता गंमत बघा. बीथोव्हेनने पियानोसाठी असे एक-दोन नाही, तब्बल ३२ सोनाटा लिहिले. त्यातले लोकांना माहिती असतात तीन. मूनलाइट, पॅथेटिक आणि अप्पासिओनाता. मूनलाइट हे नावही बीथोव्हेनने दिलेलं नाही, तो गेल्यानंतर एका समीक्षकाच्या लिखाणातून ते चिकटलं.

मग उरलेल्या २९ सोनाटांचं काय?

तर त्यांच्यासाठी एका माणसाने आख्खं करिअर पणाला लावलं. त्याचं नाव आर्टुर श्नाबेल. या सगळ्या ३२ सोनाटांची रेकॉर्डिंग करणारा जगातला पहिला पियानिस्ट. काय वाजवायचं आणि त्याहून जास्त म्हणजे काय वाजवायचं नाही, हे ठरवण्यात या गड्याचा हट्ट असा होता की त्यापायी त्याने अमेरिकेसारखं मार्केट सोडून दिलं.

आधी सोनाटा म्हणजे काय ते थोडक्यात बघू. एकट्या पियानोसाठी किंवा पियानोबरोबर आणखी एखाद्या वाद्यासाठी लिहिलेली ही मोठी रचना असते. साधारण तीन-चार भाग, प्रत्येकाची लय वेगळी, मूड वेगळा. आपल्याकडे गायक राग निवडतो आणि पुढचा तासभर तो स्वतः बांधत जातो. तिथं तसं नाही. सगळे स्वर रचनाकाराने कागदावर लिहून ठेवलेले असतात. वादकाच्या हातात उरतं ते म्हणजे कुठली रचना निवडायची आणि ती कशी वाजवायची. एकेक सोनाटा बोटांत आणि डोक्यात बसायला महिनोन्महिने जातात. त्यामुळे एक निवडला म्हणजे दुसरे दहा सोडले, असा हा हिशोब असतो.

मुंबई, पुणे, गोव्यात पियानोच्या ग्रेड परीक्षा देणाऱ्या मुलांना हे चांगलंच ठाऊक असतं. वर्षभर त्याच दोन-तीन रचना घासायच्या असतात.

श्नाबेलचा जन्म १७ एप्रिल १८८२ चा. गाव लिपनिक, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात, आज पोलंडमध्ये. घर ज्यू. तो दोन वर्षांचा असताना कुटुंब व्हिएन्नाला आलं. मोठी बहीण क्लारा पियानो शिकायची, हे चार वर्षांचं पोरगं शेजारी उभं राहून ऐकायचं आणि कुणी न शिकवता वाजवायला लागलं. घरच्यांनी त्याला शिकायला घातलं. नवव्या वर्षी तो थेओडोर लेशेटिट्स्की यांच्याकडे पोचला.

लेशेटिट्स्की म्हणजे त्या काळातला पियानोचा सगळ्यात मोठा गुरू. त्यांच्याकडून बाहेर पडलेली पोरं युरोप-अमेरिकेतले हॉल गाजवायची. क्लासमध्ये सगळ्यांना लिस्टच्या हंगेरियन ऱ्हाप्सोडी वाजवाव्या लागायच्या. वेगाने पळणारी बोटं, टाळ्यांचा कडकडाट, सगळा मालमसाला त्यात. श्नाबेलला मात्र त्यांनी त्या कधी दिल्याच नाहीत. हा पोरगा पियानिस्ट कधी होणार नाही, कारण तो संगीतकार आहे, असं त्यांचं मत होतं.

नऊ-दहा वर्षांच्या पोराला हे ऐकून काय वाटलं असेल देव जाणे. पण गुरूने त्याला ऱ्हाप्सोडीऐवजी दुसरंच काहीतरी हातात दिलं, शूबर्टचे सोनाटा.

शूबर्ट १८२८ मध्ये वयाच्या ३१ व्या वर्षी गेला. जायच्या दोन महिने आधी त्याने आपले शेवटचे तीन सोनाटा पूर्ण केले होते आणि ते छापले गेले तब्बल ११ वर्षांनी. त्यानंतरही पियानिस्ट लोकांनी त्यांच्याकडे पाठच फिरवली होती. लांबलचक आहेत, आकाराला नीट नाहीत, बीथोव्हेनसारखा जोर नाही, अशी त्यांची ख्याती. म्हणजे सगळ्यात नावाजलेल्या क्लासमध्ये बसून श्नाबेल जे शिकत होता, ते बाहेर फारसं कुणी वाजवतच नव्हतं.

दुसरीकडे संगीताचं शास्त्र तो ओयसेबियस मांडिचेव्हस्की यांच्याकडे शिकत होता. त्यांची ऊठबस थेट ब्राम्सबरोबर. त्यामुळे रविवारी व्हिएन्नाच्या जंगलात फिरायला जाणाऱ्या ब्राम्सच्या टोळक्यात हे पोरगंही असायचं. पुढे श्नाबेल मोठा झाल्यावर पत्रकार विचारायचे की ब्राम्सकडून काय काय शिकलात. त्यावर तो जे सांगायचा ते भारी आहे. जेवायच्या आधी ब्राम्स त्याला विचारायचा भूक लागली का, आणि जेवण झाल्यावर विचारायचा पोट भरलं का. बस, एवढंच. एवढ्या मोठ्या माणसाच्या नावावर कुणीही चार गोष्टी रंगवून सांगितल्या असत्या.

१८९८ मध्ये १६ वर्षांचा श्नाबेल बर्लिनला आला आणि पुढची ३५ वर्षं तिथलाच झाला. तिथेच त्याची गाठ थेरेसे बेर या गायिकेशी पडली. ती तेव्हा नावाजलेली होती, हा नवखा होता. १९०५ मध्ये दोघांनी लग्न केलं. ती शूबर्टची गाणी गायची, तो साथीला बसायचा. गाण्यात शूबर्ट कुठे थांबतो, कुठे श्वास घेतो हे रोज शेजारी बसून ऐकल्यावर त्याच्या सोनाटांचं कोडं हळूहळू सुटलं असणार, असं म्हणायला जागा आहे.

आता सुरुवातीच्या काळात श्नाबेल सगळंच वाजवायचा. शोपँ होता, शूमान होता, लिस्टचाही सोनाटा होता. पण चाळिशीच्या आसपास त्याने एकेक नाव यादीतून काढायला सुरुवात केली. शेवटी प्रामुख्याने चार नावं राहिली. मोझार्ट, बीथोव्हेन, शूबर्ट आणि थोडा ब्राम्स.

कारण काय? तर त्याचा एक नियम होता. जे संगीत कितीही चांगलं वाजवलं तरी वाजवण्यापेक्षा मोठंच राहतं, तेवढ्याच संगीतात त्याला रस होता. एखादी रचना पूर्ण हातात आली, तिच्यात शोधायला काही उरलं नाही, की त्याच्यासाठी ती संपली. मोझार्टच्या सोनाटांबद्दल तर तो म्हणायचा की ते लहान मुलांना सोपे जातात आणि मोठ्या कलाकारांना अवघड. स्वर कमी असतात ना. लपायला जागाच नसते.

ऐकायला हे फार थोर वाटतं, पण तिकीटबारीवर याची किंमत मोजावी लागते.

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला तो अमेरिकेत गेला. तिथे पियानिस्ट म्हणजे स्टार. लोकांना त्यातला जलवा बघायचा असायचा. शेवटी दोन-चार चटकदार तुकडे, मग टाळ्या, मग वन्स मोअर. श्नाबेल आला आणि अर्धा-पाऊण तासाचे सोनाटा एकामागे एक लावून बसला. वर कितीही टाळ्या पडल्या तरी वन्स मोअर नाही. त्याचं म्हणणं असं की टाळ्या ही झाल्या कामाची पावती आहे, पुढचं बिल नाही. नाट्यसंगीताच्या मैफलीत फर्माइशीची चिठ्ठी परत पाठवणारा गायक कल्पना करून बघा, म्हणजे हॉलमधलं वातावरण लक्षात येईल.

इथल्या लोकांना रुचेल असं काहीतरी हलकंफुलकं घ्या, असं तिकडच्या मंडळींचं म्हणणं पडलं. श्नाबेलने ऐकून घेतलं, घरी परत गेला आणि १९३० पर्यंत अमेरिकेकडे फिरकलाच नाही. स्वतःच्या कार्यक्रमांची टिंगल मात्र तो स्वतःच करायचा. इतरांचे कार्यक्रम मध्यंतरापर्यंतच कंटाळवाणे असतात, आपले मध्यंतरानंतरही असतात, हा त्याचा ठरलेला विनोद.

बर्लिनमध्ये बसून त्याने दुसरंच काम हातात घेतलं होतं. बीथोव्हेनच्या ३२ सोनाटांची स्वतः संपादित केलेली आवृत्ती. १९२४ ते १९२७ या काळात ती बर्लिनच्या उल्श्टाइन प्रकाशनाने काढली.

यात काय विशेष, तर तोपर्यंतचे अनेक संपादक बीथोव्हेनच्या मूळ खुणांमध्ये स्वतःच्या खुणा बिनदिक्कत मिसळायचे. इथे हळू, इथे जोरात, इथे जरा थांबा. यातलं बीथोव्हेनचं काय आणि संपादकाचं काय, हे विद्यार्थ्याला कळायलाच मार्ग नसायचा. श्नाबेलनेही सूचना भरमसाट केल्या, पानागणिक तळटीपा घातल्या, पण त्या बारीक टायपात वेगळ्या ठेवल्या. मूळ काय आणि माझं काय, तुम्हीच बघा. त्याने सुचवलेली बोटं बघून आजही शिक्षक कपाळाला हात लावतात, कारण हाताला सोयीची बोटं सुचवण्यापेक्षा सूर जसा यायला हवा तशी बोटं तो सुचवायचा.

ही आवृत्ती चाळताना ३२ सोनाटांचा आवाका कळतो. ओपस ४९ चे दोन छोटे सोनाटा सोपे म्हणूनच छापले गेले होते, दोन-चार वर्षं शिकलेलं मूलही ते वाजवू शकतं. आणि त्याच पुस्तकात ओपस १०६ आहे, त्याला हामरक्लाव्हियर म्हणतात. एकटाच ४० मिनिटांच्या पुढे जातो, शेवटी बोटांची आणि डोक्याची दोन्हींची परीक्षा घेणारी फ्यूग. भलेभले पियानिस्ट आयुष्यभर त्याच्या वाटेला जात नाहीत.

१९२७ मध्ये बीथोव्हेनला जाऊन १०० वर्षं झाली. श्नाबेलने बर्लिनमध्ये सात रविवारी सात मैफली केल्या आणि ३२ च्या ३२ सोनाटा वाजवले. जागा कुठली निवडली? फोक्सब्यूने. नावाचा अर्थच लोकांचं थिएटर. कामगारांना स्वस्तात नाटक बघता यावं म्हणून चळवळीतून उभं राहिलेलं. म्हणजे जो माणूस लोकांसाठी सोपं काही वाजवायला तयार नव्हता, तो सगळ्यात अवघड गोष्ट घेऊन साध्या लोकांच्याच दारात गेला. पुढच्या वर्षी शूबर्टची शताब्दी आली, तेव्हा त्याने शूबर्टचे सोनाटा असेच समोर ठेवले.

एवढं सगळं झालं तरी एका गोष्टीला तो नाहीच म्हणत होता, ती म्हणजे रेकॉर्डिंग.

वाजवणं एकदाच घडतं, उद्या तीच रचना वेगळी येणार, मग ती तबकडीत कोंबायची कशाला, असा त्याचा सवाल. त्याच्या मागे लागलेला माणूस होता फ्रेड गायसबर्ग, एचएमव्हीचा. हे नाव आपल्यासाठी नवीन नाही. १९०२ मध्ये कलकत्त्यात येऊन गौहर जानचा आवाज रेकॉर्ड करणारा तोच हा गायसबर्ग. तिच्यासमोर अडचण होती तीन मिनिटांत राग कसा बसवायचा ही. ३० वर्षांनी श्नाबेलसमोर जवळपास तीच अडचण होती. तबकडीच्या एका बाजूला फार तर साडेचार मिनिटं मावायची.

शेवटी श्नाबेल तयार झाला, पण एका अटीवर. निवडक काही नाही, सगळेच्या सगळे ३२. मूनलाइट आणि पॅथेटिक विकून बाकीचे फडताळात, हे चालणार नाही.

कंपनीसाठी हा जुगार होता. जगभरात मंदी, आणि ओपस ५४ नावाचा सोनाटा कोण विकत घेणार? यावर त्यांनी शक्कल लढवली. बीथोव्हेन सोनाटा सोसायटी काढली. ज्यांना रेकॉर्ड हव्यात त्यांनी आधी वर्गणी भरायची, मग संच घरपोच. आजच्या भाषेत क्राउडफंडिंग.

जानेवारी १९३२ मध्ये काम सुरू झालं, लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत. हो, बीटल्सवाला अॅबी रोड तोच. तेव्हा तो सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

आज चुकलेला सूर कापून दुसरा जोडता येतो. तेव्हा मेणावर थेट कोरलं जायचं. चौथ्या मिनिटाला बोट घसरलं तर ती आख्खी बाजू पुन्हा पहिल्यापासून. संगीत ऐन रंगात आलंय आणि तबकडी संपली म्हणून थांबायचं, मग पुन्हा त्याच मूडमध्ये शिरायचं. या सगळ्या छळाबद्दल तो थेरेसेला पत्रातून कळवत राहायचा. हे काम १९३५ पर्यंत चाललं.

हामरक्लाव्हियरची त्याची रेकॉर्ड आज ऐकली तर धक्का बसतो. बीथोव्हेनने सुरुवातीला मेट्रोनोमवर दिलेला वेग इतका अचाट आहे की बहुतेक जण तो छपाईची चूक समजून सोडून देतात. श्नाबेलने तो खरा मानला आणि तसा वाजवायचा प्रयत्न केला. परिणामी सूर चुकलेत, एक-दोन नाही, बरेच. काही ठिकाणी तर सरळ गडगडाट आहे. टीकाकार आजही त्याच्या तंत्राबद्दल बोलताना याच रेकॉर्डचं उदाहरण देतात. सुरक्षित वेगात स्वच्छ वाजवणं त्याला जमलं नसतं असं नाही. पण त्याच संचातले संथ भाग ऐका, म्हणजे ओपस १०६ चाच तिसरा भाग किंवा ओपस १११ चा शेवट. तिथे हा माणूस काळ थांबवून ठेवतो. ज्याला संथ लय अशी धरता येते, त्याच्या चुका लोक माफ करतात.

हे काम चालू असतानाच बर्लिनमध्ये सगळं उलटंपालटं झालं. १९३२-३३ च्या हिवाळ्यात तो तिथे पुन्हा एकदा ३२ सोनाटांची मालिका करत होता. त्या मैफली चालू असताना, ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चान्सलर झाला. ज्यू कलाकारांना जर्मन रंगमंचावर जागा राहणार नाही हे दिसायला वेळ लागला नाही. मालिका संपवून श्नाबेलने त्या वर्षीच्या वसंतात जर्मनी सोडली.

ज्या माणसाने जर्मन भाषिक जगातल्या चार रचनाकारांसाठी बाकी सगळं बाजूला सारलं होतं, त्याला त्याच देशात राहणं अशक्य झालं. तो तेव्हा ५१ वर्षांचा होता.

पुढे इंग्लंड, मग इटलीत कोमो सरोवराकाठी त्रेमेझो. तिथे उन्हाळ्यात जगभरातून विद्यार्थी यायचे. १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याने पुन्हा सगळे ३२ वाजवले. ज्या अमेरिकेने हलकंफुलकं मागितलं होतं, तिनेच आता सात-सात मैफली बसून ऐकल्या. त्याने कार्यक्रमात काहीही बदललं नव्हतं. शूबर्टचे शेवटचे मोठे सोनाटाही याच काळात रेकॉर्ड झाले, त्यातला अगदी शेवटचा १९३९ मध्ये. इटलीही सुरक्षित राहिली नाही आणि त्याच वर्षी श्नाबेल दांपत्य अमेरिकेत गेलं.

त्याची आई व्हिएन्नातच राहिली होती.

ऑगस्ट १९४२ मध्ये नाझींनी तिला टेरेझिनच्या छळछावणीत नेलं. दोन महिन्यांत ती तिथे गेली. वय ८३.

युद्ध संपलं, हॉल उघडले, श्नाबेल लंडनमध्ये पुन्हा वाजवायला लागला, युरोपात फिरला. पण जर्मनी आणि ऑस्ट्रियात त्याने पुन्हा कधीच कार्यक्रम केला नाही. त्या देशांत जन्मलेलं संगीत मात्र त्याने सोडलं नाही. बीथोव्हेन, शूबर्ट, मोझार्ट शेवटपर्यंत त्याच्या यादीत होते. देश नाकारायचा आणि संगीत ठेवायचं, हे दोन्ही एकाच वेळी त्याने कसं पेललं असेल, याचा अंदाज आपण फक्त बांधू शकतो.

एक गोष्ट राहिलीच. जो माणूस वाजवताना ब्राम्सच्या पुढे फारसा सरकला नाही, तो स्वतः रचनाकारही होता. आणि त्याच्या रचना कशा? तर एकदम आधुनिक, कुठल्याही एका षड्जाला न धरणाऱ्या, पहिल्यांदा ऐकताना डोकं गरगरायला लावणाऱ्या. पाच स्ट्रिंग क्वार्टेट, तीन सिंफनी असा ऐवज आहे. त्यातली पहिली सिंफनी १९४६ मध्ये मिनियापोलिसमध्ये दिमित्री मित्रोपुलोसने सादर केली. दुसऱ्या कुणाच्या नावावर एवढं काम असतं तर त्याने स्वतःच्या प्रत्येक मैफलीत ते घुसवलं असतं. श्नाबेल मात्र मैफलीत स्वतःचं काही वाजवायचा नाही.

विद्यार्थी मोठे झाले. क्लिफर्ड कर्झन, लिली क्राऊस, लिऑन फ्लायशर. फ्लायशरला तर त्याने अगदी लहानपणी घेतलं होतं, मुलांना शिकवत नाही हा नियम मोडून. आपल्या गुरूने नऊ वर्षांच्या पोराला घेतलं होतं, हे तो विसरला नसावा.

१९४८ नंतर हृदयाने त्रास द्यायला सुरुवात केली. जानेवारी १९५१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याची शेवटची मैफल झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला स्वित्झर्लंडच्या आक्सेनश्टाइन इथे तो गेला.

त्या वर्गणीच्या तबकड्यांचं पुढे एलपी झालं, मग सीडी झाली. आज यूट्यूबवर त्याच्या नावापुढे ओपस ५४ टाकून बघा. ११-१२ मिनिटांचा आहे, मूनलाइटच्या मानाने फारच कमी लोक तो ऐकतात. मागे तबकडीची खरखर येते, आणि ती थोड्या वेळाने ऐकू यायची बंद होते.